गावात पंक चित्रपट दाखवायचाय? चाळीस खुर्च्यांच्या खेळाची पूर्वतयारी

गोव्यात 'फॉरेनरांचं संगीत' म्हटलं की हणजुणे-वागातोरचा ट्रान्सच (यंत्रांवर वाजणारं नाचाचं संगीत) आठवतो. पंक रॉक त्याच्या अगदी उलट. दोन-अडीच मिनिटांचं गाणं, तीन कॉर्ड, आणि धड वाजवता येत नसलं तरी स्टेजवर चढायची मुभा. सत्तरच्या दशकाच्या मध्यावर न्यूयॉर्कच्या सीबीजीबी क्लबात आणि पाठोपाठ लंडनमध्ये हे रुजलं. त्याचं चित्रण करणाऱ्यांचेही खिसे रिकामेच होते. त्यामुळे हे चित्रपट गावात दाखवणं सोपं वाटतं: लॅपटॉप, प्रोजेक्टर, झालं काम. पण खेळ फसतो तो परवानगीत आणि आवाजात. बाकी सगळं जुगाडावर निभावतं, या दोन गोष्टी निभावत नाहीत.

खालचा हिशेब 40 प्रेक्षक, एक संध्याकाळ आणि एक चित्रपट असा धरला आहे.

1. चित्रपट निवडा, आणि क्रम चुकवू नका

नवखे आयोजक पहिल्याच खेळाला 'सिड अँड नॅन्सी' (1986) लावतात, कारण नाव ऐकलेलं असतं. चित्रपट चांगला आहे, गॅरी ओल्डमनचं काम तर पाहण्यासारखंच. पण हेरॉइनच्या विळख्यात सापडलेल्या दोघांची ती गोष्ट. पहिल्यांदा तीच पाहिलेला माणूस 'पंक म्हणजे सुया आणि मरण' एवढंच घेऊन घरी जातो, आणि दुसऱ्या खेळाला येत नाही.

सुरुवात लुकास मूडीसनच्या 'वी आर द बेस्ट!' (2013) या स्वीडिश चित्रपटाने करा. 1982 चं स्टॉकहोम, शाळकरी वयाच्या तीन मुली, वाद्यं धड वाजवता येत नाहीत तरी बँड काढतात. 102 मिनिटं. शाळेच्या गॅदरिंगमध्ये पेटी-तबल्यासाठी भांडलेल्या कुणालाही तो कळतो, पंकची काहीही माहिती नसली तरी.

दुसऱ्या खेळाला 'व्हाइट रायट' (2019). रुबिका शाह यांचा 80 मिनिटांचा माहितीपट. ऑगस्ट 1976 मध्ये बर्मिंगहॅमच्या मैफलीत गिटारवादक एरिक क्लॅप्टन स्थलांतरितांविरुद्ध बरळला, त्यातून 'रॉक अगेन्स्ट रेसिझम' ही चळवळ उभी राहिली. 30 एप्रिल 1978 ला लंडनच्या व्हिक्टोरिया पार्कात क्लॅश, एक्स-रे स्पेक्स आणि स्टील पल्स या बँडनी वाजवलं, तिथपर्यंतचा हा प्रवास. घरटी कुणीतरी इंग्लंडला गेलेलं असलेल्या गोव्यात या खेळानंतरची चर्चा आवरता आवरत नाही, तेव्हा तिला वेळ ठेवा.

तिसऱ्याला ज्युलियन टेम्पलचा 'द फिल्थ अँड द फ्यूरी' (2000). सेक्स पिस्टल्स या लंडनच्या पंक बँडची गोष्ट याच दिग्दर्शकाने आधी 1980 साली मॅनेजर माल्कम मॅकलॅरेनच्या बाजूने सांगितली होती, इथे तीच बँडच्या तोंडून येते. एकच माणूस वीस वर्षांनी स्वतःचंच म्हणणं खोडून काढतो, हे प्रास्ताविकात सांगितलं की प्रेक्षक सावरून बसतो. एक सूचना: आताच्या मुलाखतींत बँडवाल्यांचे चेहरे मुद्दाम काळोखात ठेवले आहेत. ते आधी सांगितलं नाही, तर कुणीतरी उठून प्रोजेक्टर बिघडला म्हणून सांगायला येणारच.

पेनेलोपी स्फीरिसचा 'द डिक्लाइन ऑफ वेस्टर्न सिव्हिलायझेशन' (1981) शेवटी. लॉस एंजेलिसचे ब्लॅक फ्लॅग, जर्म्स, एक्स, फिअर हे बँड त्यात आहेत. पंकवरचा सगळ्यात सच्चा माहितीपट कोणता विचाराल, तर बोट याच्याकडे जाईल. प्रदर्शनाच्या वेळी तिथल्या पोलीसप्रमुखाने तो शहरात पुन्हा दाखवू नका असं पत्र लिहिलं, आणि 2016 मध्ये त्याच देशाच्या राष्ट्रीय चित्रपट नोंदवहीत तो जतनासाठी गेला. 2015 पर्यंत त्याची अधिकृत डीव्हीडी नव्हती, म्हणून फिरणाऱ्या बहुतेक प्रती व्हीएचएसवरून उतरवलेल्या आहेत. मोठ्या पडद्यावर त्या चिखलासारख्या दिसतात. नवीच प्रत मागा.

क्लॅशवरचा 'रूड बॉय' (1980) 133 मिनिटांचा आहे. ध्वनिवर्धकाच्या रात्री दहाच्या मर्यादेत तो कसाबसा बसतो, चर्चेला वेळ उरत नाही.

2. परवानगी: खेळाच्या निदान सहा आठवडे आधी

तुमच्याकडे डीव्हीडी आहे किंवा ओटीटीचे पैसे भरता, म्हणून चार लोकांना जमवून दाखवायचा हक्क मिळत नाही. तो वेगळा घ्यावा लागतो. धंद्यातलं त्याचं नाव 'नॉन-थिएट्रिकल' हक्क. वितरकाला, छोट्या माहितीपटाच्या बाबतीत थेट निर्मात्याला, ईमेल पाठवा. त्यात इतकंच हवं: चित्रपटाचं नाव, तारीख, जागा, खुर्च्यांची संख्या, तिकीट आहे की नाही, किती खेळ, आणि कुठल्या स्वरूपातली प्रत हवी. 'वुई आर बिग फॅन्स' हा परिच्छेद गाळा. उत्तर आलं नाही तर दहा दिवसांनी एकदा आठवण करा. 'उत्तर नाही म्हणजे हरकत नाही' असा अर्थ कृपया काढू नका.

दुसरा प्रश्न प्रमाणपत्राचा. 1952 च्या सिनेमॅटोग्राफ कायद्यानुसार जाहीर खेळाला सेन्सॉर बोर्डाचं प्रमाणपत्र लागतं, आणि यातल्या बहुतेक चित्रपटांना भारतात ते असण्याची शक्यता कमी. चित्रपट संस्थेने सभासदांपुरता लावलेला खेळ आणि रस्त्यावर बोर्ड लावून केलेला खेळ यांत कायद्याच्या दृष्टीने बराच फरक आहे. म्हणून नवख्याने एकट्याने धडपडण्यापेक्षा फेडरेशन ऑफ फिल्म सोसायटीज ऑफ इंडियाशी संलग्न असलेल्या संस्थेला गाठावं आणि त्यांच्या नियमांत बसूनच खेळ लावावा.

कॉलेजात लावणार असाल तर 1957 च्या कॉपीराइट कायद्याचं कलम 52 वाचा. शिक्षणसंस्थेच्या कामकाजाचा भाग म्हणून होणाऱ्या खेळाला त्यात सवलत आहे, मात्र प्रेक्षक फक्त कर्मचारी, विद्यार्थी, त्यांचे पालक आणि संस्थेच्या कामाशी संबंधित माणसं असतील तरच. बसस्टँडवर पोस्टर चिकटवलं की ती सवलत संपली.

3. जागा आणि तारीख

देवळाचं सभागृह स्वस्त असतं, हे खरं. पण शिव्या, थुंकणं आणि नशा असलेला चित्रपट तिथे लावून पुढच्या महाजनांच्या बैठकीत उत्तरं देत बसण्यात शहाणपण नाही. ग्रंथालयाचं किंवा कॉलेजचं सभागृह, नाहीतर कुणाच्या जुन्या घराचं राजांगण (घराच्या मधलं अंगण) उत्तम. राजांगणात आधी उभं राहून पाहा: मधलं तुळशीवृंदावन पडद्याच्या आड येतं का? ते हलवता येत नाही. पडदाच बाजूच्या सोप्यावर घ्या.

जून ते सप्टेंबर पत्र्याचं छप्पर टाळा. पावसात संवाद ऐकूच येत नाहीत, त्या दिवसांत स्लॅबचीच खोली बघा. चवथ, गावची जत्रा, शिगमो आणि नोव्हेंबरच्या उत्तरार्धातला इफ्फी हा आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव हे दिवसही सोडा. इफ्फीच्या वेळी तुमचा प्रेक्षक पणजीत रांगेत उभा असतो.

उघड्यावर खेळ असेल तर सूर्यास्तानंतर अर्धा-पाऊण तास थांबा. नोव्हेंबरात सहाच्या सुमारास सूर्य बुडतो, मे महिन्यात सातच्या. आवाजाच्या 2000 सालच्या नियमांनुसार रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर ध्वनिवर्धक बंद, आणि दिवसाही तो वापरायला लेखी परवानगी लागते. मे महिन्यात 7.40 ला सुरू केलेला 102 मिनिटांचा चित्रपट 9.22 ला संपतो. चर्चेला अर्धा तास, आणि दहाला सगळं बंद. यात मध्यंतर बसत नाही.

4. पडदा आणि चित्र

चाळीस जणांना 10 फूट रुंद, 5 फूट 7 इंच उंच पडदा पुरतो. चादर नको, बराचसा प्रकाश तिच्यातून पलीकडे जातो. पडद्यांच्या कापडाच्या दुकानात पांढरं ब्लॅकआउट अस्तर मागा. साधा 54 इंची पन्हा घेतलात तर मधोमध शिवण येते, म्हणून 110 इंची पन्हा मिळतो का विचारा. साडेतीन मीटर पुरे.

पडद्याची खालची कड जमिनीपासून साडेचार फुटांवर ठेवा. हे नेहमी चुकतं. सबटायटल तळाशी असतात आणि तिसऱ्या रांगेपासून मागे बसलेल्यांना फक्त डोकी दिसतात. आठ खुर्च्यांच्या पाच रांगा करा, रांगेला तीन फूट, पहिली रांग पडद्यापासून निदान दहा फूट. म्हणजे साधारण 20 बाय 30 फुटांची खोली लागते.

प्रोजेक्टर 3000 'एन्सी' ल्युमेनचा (उजेडाचं प्रमाणित माप). खोक्यावर नुसतं 'ल्युमेन' लिहून मोठा आकडा टाकलेला स्वस्त एलईडी प्रोजेक्टर घेऊ नका. थ्रो रेशो (पडद्यापासूनचं अंतर भागिले चित्राची रुंदी) 1.5 असेल तर 10 फुटी चित्राला तो 15 फुटांवर येतो, म्हणजे थेट दुसऱ्या-तिसऱ्या रांगेच्या मधे. ती जागा आधीच मोकळी सोडा.

बरेच जुने पंक माहितीपट 4:3 चौकटीतले आहेत. डॉन लेट्सचा 'द पंक रॉक मूव्ही' (1978) सुपर एट कॅमेऱ्यावर लंडनच्या रॉक्सी क्लबात घेतलेला. प्रोजेक्टर 'फुल'वर असला की सगळे गायक जाडजूड दिसतात. सेटिंग 'ओरिजिनल' किंवा 4:3 करा, बाजूला काळे पट्टे येऊ द्या. साडेसात फूट रुंद चित्र मिळेल, तेवढंच बरोबर.

'द ब्लँक जनरेशन' (1976) लावलात तर खेळाआधी जाहीर सांगा: चित्र आणि आवाज वेगवेगळे घेतलेले आहेत, ओठ आणि गाणं जुळणार नाही. नाहीतर ऑपरेटर बिचारा पाऊणतास शिव्या खाईल.

ब्रिटिश डीव्हीडीची आणखी एक गंमत. 24 फ्रेमचा चित्रपट तिथल्या पद्धतीत 25 ने चालतो, म्हणून 100 मिनिटांचा 96 मिनिटांत संपतो आणि आवाज किंचित चढा लागतो. पंकमध्ये ते फारसं कुणाच्या लक्षात येत नाही, वेळापत्रकाला मात्र येतं. शिवाय डिस्क आणि प्लेअरचा रीजन (प्रदेशाचा क्रमांक) जुळावा लागतो: ब्रिटनची डिस्क रीजन 2, अमेरिकेची 1, आणि आपल्याकडचे प्लेअर 5 चे. फाइलच मागवलेली बरी: एमपी4, एच.264, 1080. 100 मिनिटांची 10 मेगाबिटची फाइल साडेसात जीबी होते. पेन ड्राइव्ह एफएटी32 असेल तर चार जीबीच्या वरची फाइल तो घेतच नाही, आणि हे बहुतेकांना खेळाच्या दिवशी दुपारी कळतं. आधीच एक्सफॅट करून ठेवा.

5. आवाज

इथे घाई करू नका. बारा इंची दोन पॉवर्ड (आतच ॲम्प्लिफायर असलेले) स्पीकर पडद्याच्या दोन्ही बाजूंना, बसलेल्या माणसाच्या कानापेक्षा थोडे वर. साऊंडवाला सवयीने सबवूफर आणेल, कारण त्याची सगळी कामं लग्नाची आणि डीजेची. त्याला सांगा, खेळ चित्रपटाचा आहे, बास नको.

सगळ्यात छुपी खोच केबलमध्ये आहे. लॅपटॉपच्या हेडफोनच्या भोकातून डावा आणि उजवा असे दोन सिग्नल निघतात. मिक्सरचं बॅलन्स्ड इनपुट मात्र दोन तारांवर आलेल्या सिग्नलमधला फरक तेवढा पुढे पाठवतं. तीन कड्यांची पिन दोन्हीकडे छान बसते, म्हणून कुणाला शंका येत नाही. जुना माहितीपट मोनो असतो, म्हणजे डावं आणि उजवं अगदी सारखं. एकातून दुसरं वजा केलं की उरतं जवळपास शून्य. स्पीकर चालू, दिवे लागलेले, फाइल पळतेय, आणि आवाज नाही. नवा स्टिरिओ चित्रपट असेल तर त्याहून विचित्र: संगीत ऐकू येतं, माणसं बोलताना मुकी. उपाय साधा आहे. एका टोकाला 3.5 मिमी स्टिरिओ आणि दुसऱ्या टोकाला दोन वेगळ्या मोनो पिना असलेली केबल घ्या, नाहीतर स्टिरिओ डीआय बॉक्स (लॅपटॉपचा सिग्नल मिक्सरला चालेल असा करून देणारी डबी) लावा.

चार्जर लावला की घुंऽऽ असा आवाज येतो, तो अर्थिंगच्या वेटोळ्याचा. डीआय बॉक्सवरचं 'ग्राउंड लिफ्ट' बटण दाबा आणि लॅपटॉप, प्रोजेक्टर, स्पीकर एकाच बोर्डावर घ्या. अर्थिंगची पिन काढून टाकायचा सल्ला कुणी दिला तर त्याला चहा पाजा, बोर्डाला हात लावू देऊ नका.

चिऱ्याच्या, गिलावा केलेल्या भिंती आणि फरशी असलेल्या खोलीत टाळी वाजवून बघा. आवाज लांबला तर मागच्या भिंतीवर गोधड्या किंवा जाड पडदे टांगा. तीन-चार गोधड्यांनी संवाद किती स्पष्ट होतात, ते कानांनी ऐकल्याशिवाय पटत नाही. मग मधल्या रांगेत फोनवरच्या डेसिबल ॲपने मापा: संवाद 65 ते 70, गाणी 80 ते 85. क्लबातलं मूळ ध्वनिमुद्रणच फाटलेलं असतं, आवाज वाढवून ते साफ होत नाही. 2 ते 4 किलोहर्ट्झचा पट्टा तीन डेसिबल खाली आणा, कान दुखायचे थांबतील.

6. लाईट गेली तर

प्रोजेक्टर 300 वॅट, लॅपटॉप 65, स्पीकर सरासरी 150. मिळून सुमारे 515. 12 व्होल्ट, 150 एएच (अँपिअर-तास) बॅटरीत कागदावर 1800 वॅट-तास असतात, पण हाताला साठ टक्केच लागतात असं धरा. म्हणजे दोन तास. इन्व्हर्टर निदान 1 केव्हीए आणि 'प्युअर साइन वेव्ह'च घ्या. स्वस्त स्क्वेअर वेव्हवर स्पीकर गुरगुरतात. दिव्याचा प्रोजेक्टर असेल तर वीज गेल्यावर पंखा थांबून दिवा आतल्या आत तापतो. वीज आल्या आल्या चालू करू नका, पाच मिनिटं जाऊ द्या.

7. मराठी सबटायटल

आधी परवानगीच्या पत्रात 'सबटायटल घालू का' हेही विचारा. फाइल एसआरटी, यूटीएफ-8 मध्ये साठवलेली. नाहीतर देवनागरीऐवजी प्रश्नचिन्हांची रांग दिसते. एका वेळी दोन ओळी, ओळीत चाळीसच्या आसपास अक्षरं, पडद्यावर निदान दीड सेकंद. ज्या लॅपटॉपवर खेळ होणार त्याच लॅपटॉपवर तपासा. दुसऱ्यावर फाँट बदलतो आणि ऱ्हस्व वेलांटी अक्षर सोडून पळते.

शिव्यांचं काय करायचं? सगळ्यांना 'मूर्खा' केलं तर स्टेजवरचा माणूस मराठीचा मास्तर वाटतो. झोंबेल एवढी ठेवा, पण आईबहिणीवर जाऊ नका. मूळ शिवी बहुतेक वेळा तिथे जात नाही. 'पोगो' म्हणजे जागच्या जागी उड्या मारत केलेला नाच. शब्द तसाच ठेवा. 'स्क्वॉट' मात्र सांभाळा. लंडनमधली पोरं ज्या रिकाम्या घरात घुसून राहत, ते हे घर. कुणी त्याचं 'मुंडकाराचं घर' केलं तर गोव्यातला प्रेक्षक भलतंच समजेल: मुंडकार भाटकाराच्या (जमीनमालकाच्या) संमतीने राहतो आणि 1975 च्या कायद्याने त्याला संरक्षण आहे, स्क्वॉटवाल्याला कुणाचीच संमती नसते. 'बळकावलेलं रिकामं घर' म्हणा.

8. झीन: एका कागदाची पत्रिका

पंकमध्ये माहितीपत्रक म्हणजे झीन, हाताने लिहिलेलं आणि झेरॉक्स काढलेलं. एका ए4 कागदातून आठ पानं निघतात. कागद आडवा धरा, चार उभे रकाने आणि दोन आडव्या ओळी असे आठ चौकोन पाडा. खालच्या ओळीत डावीकडून 8, 1, 2, 3. वरच्या ओळीत डावीकडून 7, 6, 5, 4, पण उलटी लिहिलेली. झेरॉक्स एकाच बाजूने. सगळ्या घड्या पाडून घ्या, मग कागद रुंदीत अर्धा दुमडून मधल्या आडव्या घडीवर, दुमडलेल्या कडेपासून पुढच्या घडीपर्यंतच कापा. उलगडून लांबीत दुमडा, दोन्ही टोकं आत ढकला, पुस्तिका तयार. पूर्ण आडवं कापलंत तर दोन पट्ट्या हातात येतील.

शेवटच्या पानावर इशारा ठळक हवा: नशा, रक्त, लुकलुकणारा उजेड आणि वय. 2023 च्या दुरुस्तीनंतर यूए 7+, 13+, 16+ अशा श्रेणी आल्या आहेत. प्रमाणपत्र नसलेल्या चित्रपटाला त्या आपल्या मनाने लावू नका, 'अठरा वर्षांवरील' असं सरळ मराठीत लिहा.

9. पाच मिनिटांचं प्रास्ताविक

पाच म्हणजे पाचच. त्यात एक गोष्ट सांगायलाच हवी. 1976-77 च्या लंडनच्या चित्रणात काही पोरांच्या दंडावर नाझी चिन्ह दिसतं. बहुतेकांचा हेतू आईबापांच्या पिढीला डिवचण्याचा होता, पण ते दिसायला ओंगळच होतं आणि पुढे खुद्द पंकमधूनच त्याला विरोध झाला. आपल्याकडे उंबऱ्यावर स्वस्तिक काढतात, म्हणून मागच्या रांगेतून हमखास 'हे आपलं कसं?' येतं. आपलं नाही, हे आधीच सांगून मोकळे व्हा.

10. खेळाच्या दिवशीची पिशवी

कागद: परवानगीच्या ईमेलची छापील प्रत, शुल्काची पावती, सभागृहाचं पत्र, उघड्यावर असेल तर ध्वनिवर्धकाची परवानगी, सभासदांची यादी. सामान: एचडीएमआय केबल दोन (एक 10 मीटर, एक सुटी; खाऱ्या हवेत टोकं गंजतात), वर सांगितलेली आवाजाची केबल, चित्रपट दोन पेन ड्राइव्हवर, गॅफर टेप, टॉर्च, एक्स्टेंशन बोर्ड दोन. प्रोजेक्टरच्या खोक्यात सिलिका जेलच्या पुड्या कायम ठेवा, नाहीतर पावसाळ्यानंतर भिंगावर बुरशी.

तीन तास आधी पोचा. पहिली दहा मिनिटं, मधली पाच आणि सबटायटल असलेला एक गाण्याचा भाग असं चालवून पाहा. लॅपटॉपचं अपडेट, स्क्रीनसेव्हर आणि व्हॉट्सॲपचे आवाज बंद. नाहीतर जर्म्सचं गाणं टिपेला पोचतं तेव्हाच कुणाच्या तरी आत्याचं 'शुभ रात्री' पडद्यावर उमटतं.

खेळ संपला की डोकी मोजून आकडा लिहून घ्या. वितरकाला आठवड्याच्या आत तो कळवा, उरलेलं शुल्क भरा, आणि करारात तसं असेल तर दोन्ही पेन ड्राइव्हवरची आणि लॅपटॉपवरची फाइल पुसून टाकल्याचंही लिहा. पुढच्या चित्रपटासाठी तुम्ही पाठवलेल्या ईमेलला उत्तर येतं की नाही, ते बरंचसं या चार ओळींवर ठरतं.